ओढ्यावरचा साकव

भूमापन खात्यातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी पलूसच्या आमच्या घरी नकाशेवाल्यांची वर्दळ आहे. माझ्याकडे गावनकाशांच्या नकला आहेत, मोजणीची जुनी साखळी, होकायंत्र, ट्रेसिंग कागदाच्या गुंडाळ्या. कोण कशासाठी येतं याची मी मनात नोंद ठेवतो. धनाजीला नकाशा लागतो तो शेजाऱ्याचा बांध किती आत आलाय ते बघायला. स्वतःचा किती बाहेर गेलाय हे त्याला आजवर दिसलेलं नाही. लालासाहेब फौजेतले. ते आधी उत्तर दिशा शोधतात, मग चहा.

नकाशासाठीच नकाशा आवडणारं माणूस मी एकच पाहिलं. माझी लेक, स्वप्नाली.

फोनवर एक खुला नकाशा असतो. त्यात कुणीही रस्ता, विहीर, देऊळ भरावं. ती जत भागातल्या पाण्याच्या जागा भरायची, मेंढरं घेऊन फिरणाऱ्यांना कळावं म्हणून. प्रत्येक नोंदीखाली तिचा शेरा असे, ‘पायी पाहिले.’ ही शिस्त माझी. जमिनीवर नाही ते नकाशावर नाही. चाळीस वर्षं मी हेच केलं आणि तिला हेच शिकवलं.

गेल्या मे महिन्यात असाच एक हौद पायी पाहायला ती भर दुपारी माळावर गेली. ऊन लागलं, त्यातच ती गेली. हौदाजवळच सापडली. हौद कोरडा होता.

दिवाळीनंतर त्याच हौदापासून नकाशावर एक पायवाट निघाली. नोंद तिच्या नावाची. शेरा तोच.

तिचा फोन कपाटात बंद होता. पासवर्ड कुणाच्या हाती लागला असेल, म्हणून पुतण्याला, जयराजला बोलावलं. तो कॉम्प्युटरातला. त्यानं बराच वेळ खटपट केली.

“आप्पा, दुसऱ्यानं तिचं खातं उघडलं आसतं तर कळलं आसतं. कुणीच उघडल्यालं न्हाई.”

“मग रेघ कोण वडतंय?”

तो उठला. चहा अर्धा ठेवून गेला. आणि जयराज चहा ठेवणाऱ्यांतला नाही.

वाट रोज चार-पाच मैल वाढत होती. डफळापूर. मग शिरढोण. एसटीनं शिरढोणला जाऊन मी ती जागा पाहिली. ज्वारी उभी होती, एक ताट मोडलेलं नव्हतं. पायाचा ठसा नव्हता. पण रेघ पिकातून कुठंच गेली नव्हती. बांधाबांधानं वळसे घेत आली होती. पिकात पाय घालायचा नाही, हेही मीच शिकवलेलं.

माझी बायको सुलाबाई. उभ्या जन्मात तिनं नकाशात डोकं घातलं नाही. आता सकाळी उठल्या उठल्या विचारायची, “आवं, आज कुठवर आली?”

“तासगावच्या अलीकडं.”

“लय दमली आसंल.”

ती पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवू लागली. कितीदा तरी मीच तो भरला.

मग रेघ आमच्या ओढ्याशी आली आणि थांबली. तिथून आमचं घर दिसतं. चार दिवस ती पलीकडच्या काठानं वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली.

पाचव्या दिवशी सुलाबाई म्हणाली, “तितं साकव हुता की. त्याच्यावरनंच शाळंला जायाची.”

“वाहून गेला पावसात. म्हणून नकाशातनं मीच काढला.”

“मग मांडा की परत.”

“अगं, जमिनीवर न्हाई तो...”

“पोरगीबी जमिनीवर न्हाई.”

तिचा आवाज चढला नव्हता. भाकरीचं पीठ मळता मळता म्हणाली.

संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला मी माझ्या फोनवरून त्या नकाशात साकव मांडला. उभ्या आयुष्यातली पहिली खोटी रेघ. शेऱ्याची जागा मोकळी सोडली. तेवढं लिहायला हात धजला नाही.

सकाळी उठलो तर सुलाबाई घरात नव्हती. चुलीवर चहा झाकलेला, एक कप. चपला दारात. तांब्या उंबऱ्यावर नव्हता.

ओढ्यावर गेलो. वरून उपसा सिंचन योजनेचं पाणी सुटलं होतं, दोन्ही काठ भरून वाहत होतं. साकव नव्हता. असणारच नव्हता.

हाका मारल्या.

तांब्या पलीकडच्या काठावर होता. पाणी पिऊन झाल्यावर पालथा घालावा, तसा दगडावर पालथा घातलेला.

मी फोन उघडला. साकवाखालचा शेरा भरलेला होता.

‘साकव पक्का आहे. पायी पाहिले. आई सोबत.’