चांद्याचा पट्टा

लीलाधर फोटोवाल्याची मान साऱ्या अमळनेरच्या ओळखीची झाली होती, तीही वाकडी म्हणून. स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं. पण दुकानात बसून पोट भरायचे ते दिवस नव्हते. १९५६ साली नुसत्या फोटोसाठी खेड्यातून कोण कशाला उठून येतंय? लग्न असो, बारसं असो, फोटोवाल्यानेच एसटी धरून गावोगाव जायचं. कॅमेरा दोन भिंगांचा, वरून आत डोकावून बघायचा. गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा. दीड शेराचं ते धूड सकाळी काहीच वाटत नाही. दुपारी चारला मानेला विचारा!

त्या उन्हाळ्यात उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली.

"मानेतली शीर दबतेय," डॉक्टर म्हणाले. "गळ्यात ओझं घेणं बंद करा. आज दोन बोटं आहेत, उद्या पाची जातील."

"मग फोटो काय पायाने काढू?" लीलाधर फाडकन बोलून गेला. तापट माणूस. पण घरी येऊन त्याने बोट कॅमेऱ्याच्या खटक्यावर ठेवलं आणि खटका दाबला गेला की नाही हेच त्याला कळेना, तेव्हा त्याचे डोळे भरून आले. वीस वर्षं हेच काम केलेलं. दुसरं येत नव्हतं, आणि आलं असतं तरी त्याला ते नको होतं.

आता एकच उपाय राहिला, मानेला सोसेल असा पट्टा. कॅमेऱ्यासोबत आलेला पट्टा करंगळीएवढा अरुंद, सुतळीसारखा रुतायचा. त्याने खाटेची नवार लावून पाहिली, ती ताणून ताणून लांब झाली आणि कॅमेरा मांडीवर आपटायला लागला. सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली, तर खानदेशातलं ऊन ते! मानेला फोड आले. बायकोच्या जुन्या लुगड्याची घडी शिवून घेतली, ती घामाने घसरायची.

"अहो, पट्टे घालायची सवय बैलांना," इंदिराबाई हसून म्हणाली. "त्यांना विचारा एकदा."

ती थट्टेने म्हणाली. लीलाधरला मात्र चांद्या आठवला.

चांद्या म्हणजे बोरी नदीच्या पलीकडच्या लोणखेड्यातल्या कौतिक आबांचा बैल. कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या दिवशी आबांनी हौसेने लीलाधरला बोलावलं होतं, का, तर बैलाचा फोटो काढायचाय. माणसांचे फोटो निघायची मारामार आणि हा म्हातारा बैलाचा काढतोय म्हणून गाव हसलं. लीलाधर हसला नाही. पण कॅमेऱ्यात बघताना त्याला चांद्याच्या मानेवर जुवाने पडलेला घाव दिसला, ओला, माश्या बसलेला. मग त्याने आपलं मऊ उपरणं काढून त्या मानेवर घातलं आणि फोटो काढला. वर आबांना बजावलं, "घाव भरेपर्यंत याला जुवाखाली घालायचं नाही. भरलेला दाखवाल तेव्हाच फोटो मिळेल!"

आबा चिडले, भांडले, पण फोटोपायी महिनाभर बैल गोठ्यात ठेवला. घाव भरला. फोटो चौकटीत बसून भिंतीवर गेला. उपरणं तिथेच राहिलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी लीलाधर लोणखेड्याला पोचला. चांद्या आता म्हातारा झाला होता, त्याला जुवाखाली घालणं आबांनी थांबवलं होतं. त्याच्या गळ्यात घुंगरांचा रुंद चामडी पट्टा होता. अकरा वर्षं घासून घासून तो इतका मऊ झालेला की बोटांत धरला तर कापडच वाटावं. लीलाधरने मनात म्हटलं, असा पाहिजे.

"ली जा," आबा म्हणाले. "पण तो काढू देस का, बघ. माले बी हात लावू देत नही."

लीलाधरने हात पुढे केला. चांद्याने आपणहून मान खाली घातली, बक्कल त्याच्या हाताशी आणून ठेवलं आणि पट्टा सुटेपर्यंत हलला नाही. आबांनी आपल्या गालांवर बोटं मारून घेतली.

"जुवाखाले बी अशीच मान घालायचा," ते म्हणाले. "सांगनं पडे नही. त्याले बठ्ठं, सगळं याद शे, भाऊ."

अमळनेरात जोडे आणि बैलांचा साज शिवणारे गफूरचाचा होते. लीलाधरने पट्टा त्यांच्याकडे नेला. त्यांनी लीलाधरची मान पोरीसाठी स्थळ बघावं तशी सगळ्या बाजूंनी पाहिली.

"जोडा पाय बघून बनतो, पट्टा मान बघून," ते म्हणाले. "मानेवर चार बोटं रुंद ठेवतो. टोकांना निमुळता. कडेला लाल दोऱ्याची दुहेरी शिलाई. ओझं मग एका जागी बसत नाही."

दोन दिवसांनी पट्टा देताना मात्र चाचा तो पुन्हा पुन्हा चाचपून बघत होते. घुंगरं काढून त्यांनी वेगळ्या पुडीत बांधली होती.

"काय झालं, चाचा?"

"काही नाही. चाळीस वर्षं चामडं शिवतोय. चामडं थंड असतं." त्यांनी पट्टा लीलाधरच्या हातात ठेवला. "हे बघा."

पट्टा कोमट होता. बाहेर वैशाखाचं ऊन होतं, तेव्हा लीलाधरने मनावर घेतलं नाही.

पण काय सांगावं त्या पट्ट्याचं! पहिल्याच दिवशी मारवडच्या लग्नात सकाळी आठपासून दिवस मावळेपर्यंत कॅमेरा गळ्यात होता, आणि घरी येऊन जेवायला बसल्यावर इंदिराबाईने हटकलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की कॅमेरा अजून गळ्यातच आहे. ओझं म्हणून जाणवलंच नाही. कुणीतरी खालून हात लावून धरल्यासारखं. महिन्याभरात मान सरळ झाली, दोन महिन्यांत बोटांत जीव आला. ज्या दिवशी खटका बोटाला नीट लागला त्या दिवशी त्याने दुकानातल्या दुकानात पट्ट्याला हात जोडले. जाता येता तो गफूरचाचांना दुवा देई, आबांना देई, चांद्याला देई. तापट माणूस इतका गोड बोलायला लागला की गिऱ्हाइकं बिचकायला लागली.

बारीकसारीक गोष्टी होत होत्या, नाही असं नाही. पट्ट्याला गोठ्याचा वास यायचा, सकाळी जरा जास्त. उन्हात चालताना वाटेत गुरांना पाणी पाजायची डोण आली की लीलाधरचे पाय थांबायचे. तहान नसायची, तरी थांबायचे. आणि एकदा पट्टा खुंटीला टांगलेला असताना इंदिराबाईने त्यावर बसलेली माशी हाकलायला हात उचलला, तर हाताआधीच पट्टा थरथरला. गुराची कातडी थरथरते तसा. तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, वारा असेल.

मग श्रावणातला तो गुरुवार आला.

रुपचंदभाऊंच्या केळीच्या मळ्यात घरच्या अठरा माणसांचा फोटो होता. अठरा माणसं काही एका ओळीत मावत नाहीत. लीलाधर कॅमेऱ्यात मान घालून एकेक पाऊल मागे सरकत होता. "अजून जरा जवळ या. अक्का, पदर नीट घ्या." आणखी एक पाऊल. डावीकडचा म्हातारा अजून कापला जात होता. त्याने पुन्हा पाय मागे उचलला.

पट्ट्याने हिसका दिला.

पुढे. मानेला धरून जोराने पुढे. लीलाधर गुडघ्यांवर आपटला, कॅमेरा पोटाशी कवटाळून. समोरच्या बायका किंचाळल्या, पण त्या त्याच्या मागे बघत होत्या. त्याने वळून पाहिलं. हातभरावर विहीर होती, कठडा ढासळलेली. पाण्यात आभाळ दिसत होतं.

"देवानेच ओढलं तुम्हाला," रुपचंदभाऊ घाम पुसत म्हणाले.

लीलाधर सावरून उठला. त्याने मानेवर हात फिरवला. पट्टा घामाने चिंब होता. मान मात्र कोरडी होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर ओझं वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळायचं, आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. ज्याच्या मानेवर आपण जगलो त्याचे उपकार मानायचा तो दिवस. लीलाधरने इंदिराबाईकडून वाटीभर तूप घेतलं, हळद घेतली आणि दुपारची एसटी धरली. गळ्यात कॅमेरा होताच. चांद्याचा आणखी एक फोटो काढून आबांना द्यायचा, असं त्याने ठरवलं होतं.

आबा गोठ्याच्या दारातच बसले होते. चेहरा उतरलेला.

"भाऊ, बरं झालं उना. चांद्यानं काही खरं नही."

आत चांद्या उभा होता. चारही पाय रोवून, मान जमिनीकडे झुकवून. उद्यासाठी आबांनी त्याच्या गळ्यात नवी पितळी घंटा बांधली होती. समोरचा चारा तसाच पडलेला.

"आखाजीपासून असाच," आबा म्हणाले. "सकायले मान खाले टाकस, दिन मावळना का वर करस. कधी कधी दिनभर बराच ऱ्हास, मंग अचानक. आनि त्या बेस्तवारले..."

"गुरुवारी? काय झालं गुरुवारी?"

"खुंटा उखडी टाका! पुढे काहीच नव्हतं, भाऊ. तरी गुडघा टेकीसन वढी ऱ्हायना व्हता."

लीलाधर जवळ गेला. वर्षभर जू न लागलेल्या त्या मानेवर घाव होता. ताजा. जुवाचा घाव रुंद आणि वेडावाकडा असतो. हा चार बोटं रुंद होता, टोकांना निमुळता. कडेने बारीक बारीक भोकांच्या दोन ओळी होत्या, शिलाईच्या.

त्याने हळूच गळ्यातला पट्टा काढला आणि कॅमेरा बाजेवर ठेवला.

टण्ण. चांद्याने मान वर केली.

लीलाधरने कॅमेरा पुन्हा उचलला.

टण्ण. मान खाली.

ठेवला. मान वर.

"आबा," तो कसाबसा म्हणाला, "पाणी द्या जरा."

पाणी आणायला आबा आत गेले, तेव्हा लीलाधरने चांद्याच्या गळ्याला मिठी मारली आणि लहान पोरासारखा रडला. "कशाला रे? एका उपरण्यापायी? इतकं कुणी करतं का?" चांद्या त्याच्याकडे बघत राहिला, शांत. मग लीलाधरने वाटी घेतली आणि स्वतःच्या हाताने हळद-तूप चोळलं, घावाच्या कडेकडेने, हळू. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." चोळता चोळता त्याला स्वतःच्या मानेवर कोमट बोटं फिरल्यासारखी वाटली. सदऱ्याच्या आत तुपाचा ओघळ उतरला. त्याने मागे पाहिलं नाही.

कॅमेऱ्याच्या कड्या सोडून त्याने पट्टा काढला आणि गोठ्यातल्या खुंटीला अडकवला.

"हा त्याचा आहे, आबा. मला आता नको. माझी मान गेली तर जाऊ दे."

आबांना काही कळलं नाही. पण त्यांनी फळीवरून धुऊन ठेवलेलं जुनं उपरणं काढून दिलं. "हे बी तुन्हंच शे. दोन वरीस सांभाळं." त्यात लीलाधरने कॅमेरा बांधला. चांद्याने चाऱ्याला तोंड लावलेलं त्याने डोळे भरून पाहिलं, त्याला हात जोडले आणि गाठोडं न्यायला बाजेकडे वळला. मागे घंटा वाजली. माशी हाकलली असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि वळून न बघता निघाला.

एसटीचा थांबा गावापासून अर्धा कोस. मान दुखणार, बोटं बधिरणार, याची मनाची तयारी करूनच तो चालत होता. आपलं ओझं आपण वाहायचं, यात त्याला समाधान होतं. अर्ध्या वाटेवर त्याने गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं, आणि थबकला.

गाठोड्याला वजनच नव्हतं.

त्याने ते घाईने रस्त्याकडेच्या दगडावर ठेवलं. लांब, गावाच्या बाजूने, पितळी घंटा एकदा वाजली.

मग तो बराच वेळ तिथे उभा राहिला. गाडीचा आवाज आला तेव्हा त्याने दोन्ही हातांनी गाठोडं उचलून थांब्यापर्यंत धाव घेतली आणि पुन्हा खाली ठेवलं. दोन्ही वेळा घंटा ऐकू आली. अर्ध्या कोसावरून ती ऐकू यायला नको होती.

एसटी थांबली. कंडक्टरने दार उघडलं, खाली लीलाधरकडे पाहिलं, त्याच्या पायांशी पडलेल्या गाठोड्याकडे पाहिलं.

"चला भाऊ, दिवस मावळायला आला," तो म्हणाला. "उचला ना सामान."