खऱ्यासारखा दात

"जरा उन्हात येता का?"

तनुजानं ओढणी तोंडावर घट्ट धरली. पिंपळे सौदागरच्या दातांच्या दवाखान्यात ती डॉक्टर मोनिकांची वाट बघत बसलेली, आणि हा कोण कुठला पोरगा थेट उन्हात बोलावतोय!

"कशाला? वाळत घालायचंय मला?"

तो लाजला. मग हसला. "दाताचा रंग घ्यायचाय. ट्यूबलाइटखाली फसगत होते. मी प्रज्वल. तळवड्याच्या लॅबमध्ये दात बनवतो... तुमचा दातही माझ्याकडंच आलाय बनवायला."

गॅलरीत त्यानं रंगांच्या नमुन्यांची पट्टी काढली. "तोंड उघडा."

"घरी तर सगळे बंद ठेव म्हणतात."

बोलून गेली आणि जीभ चावली. वरचा पुढचा एक दात गेलेला. त्या जागी हाडात बसवलेला स्क्रू मुरायला कित्येक महिने गेले होते, आता त्यावर कायमचा दात चढवायचा होता. स्कूटीवरून पडली, असं घरच्यांनी गावभर सांगितलेलं. खरं म्हणजे भाऊ रणजीतनं बुक्की मारली होती. चाकणच्या तिच्या कंपनीतल्या एका पोराशी ती बोलत उभी दिसली, एवढ्यावरून. पोरगा त्याच आठवड्यात चाकण सोडून पळाला. आणि भाऊ? भाऊ जत्रेत फेटा बांधून मिरवला. बहिणीचं थोबाड फोडणाऱ्याला आपल्याकडं मान खाली घालावी लागत नाही. ती बहिणीनंच घालायची असते.

प्रज्वल क्षणभर दात बघायचा आणि म्हणायचा, "मिटा आता. बोला काहीतरी."

"का?"

"तोंड उघडं राहिलं की दात सुकतात, उगाच पांढरे दिसतात. खोटा रंग लागतो. ओले होईपर्यंत... गप्पा."

"बरीच सोय आहे की तुमची!"

"धंदाच असा आहे," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

पुढच्या खेपेला पहिला दात तोंडात बसवून बघितला, तर त्यानं नाक मुरडलं. कडेला काचेसारखी झाक कमी पडली म्हणे. दुसऱ्यालाही तेच. सोबत आलेली तिची आई, शालनबाई, वैतागली. "पांढराशुभ्र करा की वो, मोत्यावानी! पाव्हणं यायचं हायेत बघायला. कुणाला कळाया न्हाई पायजे."

"पांढरा केला तर लगेच कळेल, मावशी. शेजारचा जरा पिवळट आहे, त्यावर ठिपका आहे. तसाच करावा लागतो."

आई पाणी प्यायला गेली, तशी तनुजा म्हणाली, "पहिलाच चांगला होता. आरशात बघितला मी."

तो पट्टीशी चाळा करत राहिला. "होता... पण मग तुम्ही परत आला नसता."

तिच्या छातीत धडधडलं. किती महिन्यांनी, भीतीशिवाय.

"मग आता वाईटच करा," ती हळूच म्हणाली. "लांबून कळेल असा. तुम्ही जितका खऱ्यासारखा कराल, तितका माझा भाऊ रणजीत सुटतो."

"म्हणजे त्यानंच..." प्रज्वल थांबला. "ओठाच्या कडेला अंगठीचा बारीक वण आहे. पहिल्याच दिवशी दिसला होता. विचारायची हिंमत झाली नाही. पण दात चांगलाच करणार मी. तो तुम्हाला वागवायचाय, त्याला नाही."

दात असा बसला की तिची जीभसुद्धा फसली.

पाहुणे आले. मुलाची आई, कस्तुराबाई, कौतुकानं म्हणाली, "हसती किती ग्वाड! दात बघा, येकसारखं."

रणजीतची छाती फुगली. तनुजानं चहाचा ट्रे खाली ठेवला.

"त्यातला एक खोटा आहे. हा. खरा होता, तो ह्यानं बुक्कीनं पाडला."

"काय बी बोलती! गाडीवरनं पडली व्हती—" आई धावली.

कस्तुराबाईनं बशी खाली ठेवली आणि विचारलं, "पोरगा कोन व्हता?"

बघा! मार खाल्ला तिनं, आणि चौकशीही तिचीच. रणजीतची मूठ वळली, पण पाहुण्यांदेखत तिथंच थांबली. तेवढ्यात तनुजा दाराबाहेर पडली होती. रिक्षात बसल्यावर तिला कळलं, चपला राहिल्याच.

लॅबमध्ये भट्टी तापलेली. तिचे अनवाणी पाय बघून प्रज्वल उठला. "लग्न मोडलं?"

"जमलंच कुठं होतं? ऐक... तू आवडतोस मला. पण ते नंतर. आधी चौकीत जायचंय, तक्रार द्यायला. वण बघितलेला माणूस हवाय साक्षीला. येशील?"

त्याचा चेहरा उतरला. भाड्याची खोली, लातूरकडचा एकटा पोरगा, आणि रणजीतच्या टोळक्यातल्या पोरांच्या गाड्या रोज त्याच रस्त्यानं फिरणाऱ्या.

"मला भ्या वाटालंय, तनुजा." घाबरला की त्याची गावाकडची बोली बाहेर यायची.

"मलाही."

ती थांबली. पहिल्या पोराचाही चेहरा असाच झाला होता... पळायच्या आधी.

प्रज्वलनं भट्टीचं बटण बंद केलं. आत कुणाचे तरी दात अर्धे भाजलेले तसेच राहिले. खुंटीवरचं हेल्मेट काढून त्यानं तिच्यापुढं धरलं.

"एकच आहे. तू घाल."

"आणि तुझं डोकं?"

"त्याचं बघू. त्या दातावर फार मेहनत झालीय माझी."