डावीकडून आलेली हत्तीण

त्यांची ओळख झाली ती भांडणाने. जंगलातल्या छोट्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू व्हायला ती सफारीच्या जीपमधून निघाली होती. वाटेत टोपी उडाली. ती उचलायला तिने एक पाय खाली टेकवला मात्र, ड्रायव्हरने तिचं मनगट असं पकडलं की घड्याळाचा पट्टाच तुटला.

"खाली उतरायचं नाही! पाटी वाचता येत नाही का?"

"टोपी माझी आहे."

"आणि पाय कुणाचा आहे?"

ती फुगून बसली, आणि पुढच्या वळणावर तिला हसू फुटलं.

तिचं काम म्हणजे रोज पहाटे पर्यटकांना तेच तेच बजावणं. पाणी उकळलेलंच प्या, अंगभर कपडे घाला, डासांचं मलम कानामागेही चोळा आणि काही झालं तरी गाडीतून उतरू नका. शेवटच्या वाक्याला तो दाराशी उभा राहून मुद्दाम खोकायचा.

सगळे तिला सिस्टर म्हणायचे. तो एकटाच बाईसाहेब म्हणायचा.

"का हो, मी काय वेगळी आहे?"

"सिस्टर म्हणायला जीभ रेटत नाही," तो म्हणाला आणि लगेच दुसरीकडे बघू लागला.

बोलताना तो उजवा गाल पुढे करून अगदी जवळ वाकायचा. "जंगलात हळू बोलायचं असतं ना... मग जवळ यावंच लागतं." तिचा चेहरा तापायचा. त्याच्या त्या वाकण्याची ती दिवसभर वाट बघायची. वेडीच!

मग ड्रायव्हरांची वार्षिक तपासणी आली. आभाळ सकाळपासून कोंदलेलं होतं, खोलीत दिवा लावावा लागला. डोळे, रक्तदाब, छाती, सगळं ठणठणीत. तिने त्याला पाठमोरं बसवलं, डावा कान झाकला आणि हळूच आकडे म्हटले. त्याने झटपट परत म्हणून दाखवले. मग तिने उजवा झाकला.

"बत्तीस," ती कुजबुजली.

तो खिडकीबाहेर बघत मजेत बसला होता.

"सत्तर." थोड्या मोठ्याने, "सत्तर..."

"सुरू करा की, बाईसाहेब," तो म्हणाला.

तो जवळ का वाकत होता, ते तिला आत्ता कळलं. ती समोर येऊन उभी राहिली. तिचा चेहरा बघून त्यालाही कळलं.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. गेल्या वर्षी कान कुणी तपासलेच नाहीत." तो मान खाली घालून बोलत होता. "परवा हत्तीण डावीकडून आली. मागची बाई किंचाळली, तेव्हा मला समजलं... एवढं वर्ष जाऊ द्या ना. चौदा वर्षं चालवतोय, मला दुसरं काही येत नाही हो."

"मागे लेकरं बसतात."

"माहीत आहे."

तिने कागदावर लिहिलं — गाडी चालवण्यास अपात्र. सही करून कागद वर पाठवला आणि औषधांच्या खोलीत जाऊन पोटभर रडली.

आठवड्याने तो आला, हातात पिशवी घेऊन. शहरात थोरल्या भावाचं गॅरेज होतं, तिकडे निघाला होता. सामानाचा ट्रक फाटकाशी थांबला होता.

"एक विचारू? माझ्याजागी दुसरा कुणी असता... तरी असंच लिहिलं असतं?"

"दुसऱ्याला म्हटलं असतं, पंधरा दिवसांनी या, पुन्हा तपासू." ती एक पाऊल पुढे आली. "पण हत्ती येतो तेव्हा पुढच्या सीटवर कोण असतं हो? तुम्ही! पंधरा दिवस मी काय जीव मुठीत धरून बसायचं? आवडता तुम्ही मला... म्हणून एक दिवसही थांबले नाही."

त्याने पिशवी खाली ठेवली.

"हे आधी सांगायचं ना."

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही गळ घातली असती, आणि मी विरघळले असते."

"घातली असती," तो म्हणाला. ट्रकवाल्याने हॉर्न दिला. "मी रागावलोय अजून. माझा राग लवकर जात नाही... आणि दुसरं कुणी मला आवडतही नाही. पंचाईत आहे सगळी."

ती डोळे पुसता पुसता हसली. "राग गेला की याल?"

"गेला की येईन."

"आणि नाही गेला तर?"

तो पिशवी उचलून ट्रकमध्ये चढला. धूळ खाली बसेपर्यंत ती फाटकाशी उभी होती. मग तोंडावर पाणी मारून आत गेली. आठ पर्यटक हिवतापाच्या गोळ्यांसाठी ताटकळत बसले होते.

"सिस्टर," एका मुलीने गोळी हातात घेऊन विचारलं, "हिने कसंतरी होतं का हो?"

"होतं," ती म्हणाली. "पण घ्यायची."