मागून आलेली हाक

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मध्ये थांबवू नका.

त्या दुपारी मला काम एकच होतं. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, अन्नपूर्णा भागातल्या भाड्याच्या फ्लॅटला कुलूप लावायचं, किल्ली शेजारच्या अमिताकडे द्यायची आणि बेंगळुरूचं विमान पकडायचं. सामान आधीच ट्रकनं गेलं होतं. दुसऱ्या सकाळी तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये हजर व्हायचं होतं, नाही तर जागा दुसऱ्याला. त्रेचाळिसाव्या वर्षी कोण पुन्हा बोलावतं?

घरात उरली होती आत्याची वेताची खुर्ची, एक स्टूल आणि तिचा पितळी पेला. ते अमिता नेणार होती. आत्या जाऊन चार महिने झाले होते. तिनंच मला वाढवलं आणि तिनंच बांधून ठेवलं, दोन्ही खरं. आधी पुण्याची नोकरी आली, मग हैदराबादची. दोन्ही वेळा मी बॅग घेऊन दाराबाहेर पडले आणि मागून तिची हाक आली. आमच्याकडे रीत अशी, निघालेल्या माणसाला मागून हाक मारली, की त्यानं परत यायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मगच निघायचं. मी बसून पाणी पीत असतानाच आत्याच्या छातीत कळ यायची. मग कसली नोकरी!

तर मी दार ओढणार, तोच आतून आवाज आला.

"वसू..."

भर दुपारी, रिकाम्या घरातून. पाठोपाठ निलगिरीच्या तेलाचा वास. ती छातीला चोळायची तो.

खोटं कशाला सांगू, पळून जावंसं वाटलं. पण हाडीमाशी मुरलेली सवय. मी आत गेले, स्टुलावर बसले, पेला भरून पाणी प्यायले. दाराकडे पाठ असलेली समोरची खुर्ची रिकामी होती. पुन्हा निघाले, अर्धा जिना उतरले.

"वसू... जरा बसून जा ना गं..."

पुन्हा वर आले. या वेळी पेला आधीच भरलेला होता. पाणी माठातल्यासारखं गार. माठ तर मी सकाळीच अमिताला देऊन टाकला होता.

अमितानं दारातून डोकावलं. "वसुधाताई, टॅक्सीवाला नीचे कब से हॉर्न देऊन राहिलाय! फ्लाइट निकल जाएगी ना."

"तुला... काही ऐकू आलं?"

"हॉर्नच ऐकू येऊन राहिलाय." तिनं नाक वर केलं. "बाम लावला काय तुम्ही?"

ती बॅग घेऊन उतरली. मी दाराशी पोचले.

"वसू... छातीत दुखतंय बेटा..."

मला राग आला, आणि रडूही आलं. मी मागे फिरले, पेला काठोकाठ भरला आणि खुर्चीपुढच्या स्टुलावर ठेवला.

"आत्या, आजवर मी बसत आले. आता पाणी तू पी. मी निघाले."

कुलूप लावलं. मागे वळून पाहिलं नाही. मागून हाकही आली नाही. खाली अमिताला किल्ली दिली, म्हटलं, पेला भरलेला आहे, जपून उचल.

एअरपोर्टच्या रस्त्यावर अमिताचा फोन आला. "ताई, खुर्ची घ्यायला आले होते. पेल्यातलं पाणी तुम्ही फेकलं काय?"

"नाही. का गं?"

"पेला पूरा रिकामा आहे. और खुर्ची..." ती थांबली. "खुर्चीचं तोंड दाराकडे वळलंय."

पाणी पिऊन झालं की माणूस निघतो. हे मनात आलं आणि मी झटकन बाजूला पाहिलं. टॅक्सीच्या मागच्या सीटवर माझ्या शेजारी फक्त पर्स होती. मी दोनदा पाहिलं. ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, "दीदी, गाडी वापस लेना है क्या?"

"नहीं," मी म्हटलं. "चलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेंगळुरूत सातव्या मजल्यावर मी नव्या घराला कुलूप लावलं. आणि हात कुलपावर ठेवून, वेड्यासारखी, कान देऊन उभी राहिले. आत शांत होतं. अगदी शांत. मलाच माझं हसू आलं. सुटले एकदाची!

मी लिफ्टकडे वळले. पॅसेजमध्ये कोणी नव्हतं.

"वसू, चल ना... किती उशीर."

आवाज समोरून आला होता, लिफ्टच्या बंद दाराआडून.

मागून हाक आली तर काय करायचं, ते आत्यानं मला लहानपणीच शिकवलं होतं. पुढून आली तर काय करायचं, ते कधी सांगितलंच नाही. आणि मला कामावर वेळेत पोचायचं होतं.

मी बटण दाबलं. लिफ्ट उघडली. आत निलगिरीचा वास भरला होता.

मी आत गेले आणि जरा सरकून उभी राहिले.