एक बोट उंच टेबल

मार्गिलान शहरात पाळणेवाल्यांच्या गल्लीत बिनलग्नाची मुलगी एकटी शिरली, तर ती बाहेर पडायच्या आत बातमी तिच्या घरी पोहोचून, चहा पिऊन परतही आलेली असते. मुहय्योला हे ठाऊक होतं. तरी ती शिरली, कारण बाजाराकडे जायला डावीकडे वळावं लागतं आणि तिची मान डावीकडे वळत नव्हती.

पहिल्याच दुकानात छतापर्यंत रंगीत पाळणे टांगलेले. खाली हातात रंधा घेतलेला एक तरुण उस्ता, म्हणजे कारागीर, एल्मुरोद.

"पाळणा?" त्यानं विचारलं.

"टेबल."

"आमच्या सात पिढ्यांत कुणी टेबल केलं नाही."

"आमच्या सात पिढ्यांत कुणी टेबलाशी बसलं नाही. फिटंफाट."

एल्मुरोद हसला. मग तिनं सगळं सांगितलं. तुर्की मालिकांतलं बोलणं उझबेकीत लिहायचं तिचं काम. ताशकंदच्या कचेरीत छान चाललं होतं. हिवाळ्यात आई बर्फावर घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि मुहय्यो घरी आली. साहेब बोतिर-आकांनी महिन्याची मुदत दिली – घरून तेवढंच काम झालं तर ठीक, नाहीतर ताशकंदला परत. आईला मग कोण बघणार? आणि इकडे बुटक्या चौरंगापुढे गादीवर मांडी घालून दहा दिवसांत तिच्या पाठीचा चमचा झाला होता.

"बसा," एल्मुरोद म्हणाला. "कोपर अंगाशी धरा. पाय जमिनीला टेकवा."

त्यानं रेशमाचा दोरा काढला. एक टोक तिनं कोपराखाली धरलं, दुसरं त्यानं जमिनीला लावलं. कुठे स्पर्श म्हणून झाला नाही. मग त्यानं वाकून दोरा दातांनी तोडला... तिनं तिकडे पाहिलं नाही. मान वळत नसल्यामुळे ते सोपं गेलं.

पाचव्या दिवशी टेबल हातगाडीवरून, चादरीखाली झाकून निघालं. ते दारात पोहोचेपर्यंत गल्लीतल्या तीन मावश्यांनी मुहय्योच्या आईला जुळ्या नातवंडांचे आशीर्वाद देऊन टाकले होते.

टेबल खिडकीशी लागलं, उजेड डावीकडून येईल असं. संगणकाखाली दोन विटा ठेवल्या, रेशमी कापडात गुंडाळून. आता पडद्याची वरची कड बरोबर डोळ्यांसमोर आली. खुर्चीला तुतीच्या लाकडाची पाठ. वायरी मागच्या पायाला बांधल्या. सगळं झकास – फक्त टेबल एक बोट उंच. टाइप करताना मुहय्योचे खांदे कानांना भेटायला जात.

"दोरा ताणला गेला असणार," एल्मुरोद गंभीरपणे म्हणाला. "पण घाई नको. कापलेलं लाकूड परत उगवत नाही. थोडं थोडं उतरवू."

तो दिवसाआड येऊ लागला. टेबल उलटं करायचा, चारी पायांवरून कांद्याच्या सालीएवढं लाकूड काढायचा, आणि चहाला बसायचा. तिथली रीत अशी, की ज्यानं बसून राहावं असं वाटतं त्याच्या वाटीत दोनच घोट ओतायचे; वाटी संपते, पुन्हा ओततात, माणूस बसून राहतो. आईचा हात या बाबतीत फार प्रेमळ. एकदा तो बावीस वाट्या प्यायला आणि किटलीला पत्ताही लागला नाही.

"आज मालिकेत काय झालं?" तो विचारायचा.

"नायक म्हणाला, तुझ्याशिवाय मला श्वास घेता येत नाही."

"मग मेला?"

"छे! अजून चाळीस भाग आहेत."

"चाळीस? आमच्या धंद्यात एवढी वाट बघितली तर उपाशी मरू. पाळणा कधी खपायचा?"

त्या दिवशी मुहय्योनं खलनायकाची धमकी म्हाताऱ्या आजीच्या तोंडी लिहिली.

शुक्रवारी मात्र घात झाला. आई आत झोपली होती. मुहय्योच्या कानात फोनवरून बोतिर-आका बोलत होते. डोळे पडद्यावर ठेवूनच तिनं एल्मुरोदला चहा ओतला. काठोकाठ.

भरलेली वाटी म्हणजे – प्या आणि निघा.

त्यानं वाटीकडे बराच वेळ पाहिलं. एका दमात ती संपवली. निघताना मागतात ती दुवा मागत दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले, रंधा काखोटीला मारला आणि गेला. तिला वाटलं, काहीतरी आणायला गेला असेल.

रविवार गेला. मंगळवार गेला. टेबल अजून अर्धं बोट उंचच. खांदे पेटलेले, तीन भाग मागे पडलेले, आणि शनिवारी मुदत संपत होती. पण गुरुवारी आईला जाणवलं, की मुलगी खांद्यापेक्षा दाराकडेच जास्त बघते.

"त्याला शेवटचा चहा कुणी दिला?"

"मी."

"किती?"

मुहय्योनं आठवून पाहिलं. "टेबलावर सांडला होता..."

"अगं बाई! जावयाला... म्हणजे सुताराला असं घालवतात होय?"

मुहय्यो भर दुपारी गल्लीत शिरली. सगळे रंधे थांबले. एल्मुरोदनं मान वर केली नाही.

"चुकून ओतला, उस्ता. कानात साहेब होते."

"वाटी ओसंडत होती. मी म्हटलं, कळलं."

"काही कळलं नाही तुम्हाला! दिवसभर मी लोकांचं प्रेम लिहिते, आणि स्वतःचं एक वाक्य... तुम्ही जाऊ नये, एवढंच म्हणायचं होतं."

तो रंध्याचं पातं निरखत राहिला.

"माझंही एक राहिलंय," तो म्हणाला. "दोरा ताणला गेला नव्हता. माप बरोबर होतं. पाय मीच एक बोट जास्त ठेवले."

"माहीत आहे. टेबल आलं त्याच्या तिसऱ्या दिवशीच मोजले मी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही एका दिवसात संपवलं असतं."

समोरच्या दुकानात कुणाच्या तरी हातून हातोडा पडला.

"आता मात्र आजच्या आज करा," ती म्हणाली. "शनिवारी मुदत आहे. आणि... आईला पाठवा तुमच्या."

त्यानं त्याच संध्याकाळी अर्धं बोट उतरवलं. कोपर काटकोनात बसलं, खांदे आपल्या जागी गेले, आणि दोन दिवसांत मुहय्योनं सात भाग उडवले.

शनिवारी दुपारी एल्मुरोदची आई आपल्या दोन बहिणींना घेऊन मागणी घालायला आली. अशा वेळी मुलीनं पडद्याआड उभं राहून लाजायचं असतं. मुहय्योला तेवढी फुरसत नव्हती. मुदतीतल्या शेवटच्या भागाची तीन मिनिटं उरली होती. तिच्या एका कानात मालिका होती आणि फोनवर वाट बघणारे बोतिर-आका; दुसऱ्यानं ती शेजारची खोली ऐकत होती.

"टेबल आमच्याकडेच येईल ना?" एल्मुरोदच्या आईनं विचारलं.

"ते या खिडकीच्या उजेडावर बसवलंय," मुहय्योची आई म्हणाली. "आणि मला अजून काठीशिवाय चालता येत नाही."

मुहय्योची बोटं थांबली.

"बरं," एल्मुरोदची आई शेवटी म्हणाली. "घरी आणखी तीन मुलगे आहेत मला. टेबल नको हलवायला. एल्मुरोद हलेल. त्याला दोनच पाय, न्यायला सोपा."

आणि तिनं रोटी मोडली. तिथे रोटी मोडली की सोयरीक पक्की, मग बादशहा आला तरी मोडलेली रोटी सांधता येत नाही. सकाळची तंदूरची रोटी, वरून अशी खरपूस, की आवाज थेट ताशकंदला गेला.

"काय मोडलं गं?" कानात बोतिर-आका.

"रोटी, आका."

त्यांना अर्थ लगेच कळला. तेही त्याच मातीतले.

"म्हणजे ताशकंदला येत नाहीस."

"नाही."

"भाग?"

"एक वाक्य राहिलंय."

"लिहून टाक. मग जाऊन लाज."