तुळसाबाईंचा आवाज काढला तेव्हापासून

माझ्या महादेवाची आण घेऊन लिहिते, यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

ते घडलं तेव्हा रात्र नव्हती. मागच्या श्रावणातला दुसरा सोमवार होता, सकाळचे साडेनऊ. वाशीमजवळच्या अनसिंगमध्ये, बस स्टँडमागच्या आमच्या घरात. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

पण आधी धीरजचं सांगते.

धीरज माझा एकुलता एक. लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढायचा. चोवीस सालच्या जुलैत हिंगोलीकडे भूकंप झाला, तेव्हा आमच्याकडेही मांडणीवरची भांडी वाजली आणि स्वयंपाकघराच्या मातीच्या भिंतीला तडा गेला. आम्ही लिंपायला निघालो, तर हा लिंपू देईना, तड्याचे फोटो काढत बसला.

रोज.

मग लातूरकडे जाऊ लागला. त्र्याण्णवच्या भूकंपात पडलेलं एक गाव. माणसं नव्या वस्तीत गेलेली, जुन्या जागी नुसते दगड आणि बाभळी. तिथं त्यानं एक व्हिडिओ केला. पुण्याच्या प्रदर्शनात तो लागणार होता.

"लगनाच्या ऑर्डरी सोडून गोट्याचे फोटो काहाडते पोट्टं," आमचे हे म्हणायचे. "गोट्याईले मुंडावळ्या बांधतं का बे?"

"बाबा, गोटे हलत तरी नाईत. तुमच्या वऱ्हाड्याईपक्षा बरे."

व्हिडिओत कोणी बोलायचं नाही, असं त्याचं ठरलेलं. त्या गावची माणसं एकेक करून कॅमेऱ्यासमोर गप्प बसायची. एवढंच.

तुळसाबाई नावाची एक म्हातारी मात्र गप्प बसली नाही.

"नणंद खाली गाडली होती," ती सांगत होती. "वैनी, हाय का गं वर? असं इचारायची. मी हाय म्हणलं की गप व्हायची. दगड कुणाला हलंना. दुसऱ्या दिवशी मला ऐकवंना... मी शेतात निघून गेले."

धीरजनं मला ते दाखवलं. मी डोळे पुसले. मग त्यानं तिचा आवाज काढून टाकला. नुसते ओठ हलताना ठेवले.

"काहून रे? बोलू दे ना बिचारीले."

"आई, बाकी सारे मुके हायेत. हिचाच आवाज कसा ठेवू?"

त्याच संध्याकाळी तो हेडफोन लावून काम करत होता. एकदम म्हणाला, "हाव, आहो ना वर."

"कोनाशी बोलून राह्यला?"

त्यानं हेडफोन माझ्या कानाला लावला. पडद्यावर तुळसाबाई. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

मग आला...

"वैनी... हाय का गं वर?"

तो म्हातारीचा नव्हता. कोवळ्या मुलीचा होता.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर बंद होता. हाक स्वयंपाकघरातल्या त्या तड्यातून आली.

ओ दिली की शांत व्हायचं. नाही दिली की भांडी थरथरायची आणि तडा बोटभर वाढायचा. आमच्या ह्यांना हाक ऐकूच यायची नाही. "उंदरं असतीन," म्हणायचे.

धीरज घाबरला. काढलेला आवाज परत जोडायला गेला...

मूळ फाईलमध्येही आता नुसते ओठ हलत होते.

पुण्याला जाणं राहून गेलं. त्यानं खाट स्वयंपाकघरात आणली. "मी गेलो तं ओ कोन देईन?" मी म्हटलं, ही भिंतच पाडू. तर माझ्यापुढे हात जोडले त्यानं. "आई, तिच्या अंगावर पडन ना."

दीड महिन्यात त्याचे गाल आत गेले.

त्या सोमवारी त्याला एकदाची झोप लागली. मी पुढच्या खोलीत पूजेला बसले होते. न्हाल्यापासून पूजा उरकेपर्यंत मी बोलत नाही, तेवीस वर्षांचा नेम माझा. श्रावण म्हणून एकशे आठ बेल वाहायचे होते.

हाक आली.

मी घंटा जोरात वाजवली. धीरज उठला नाही.

पुन्हा हाक... या वेळी जवळून.

अकरा पानं उरली होती. म्हटलं, एवढी वाहते आणि ओ देते.

चार वाहिली...

भिंत बसली.

शेजारी कोणालाही जमीन हललेली कळली नाही. आळीतली माणसं धावली, माती उपसू लागली. खालून धीरज विचारत होता, "आई, आहे का वर?" मी ओरडत होते, "हाव बाप्पा, आहो! आहो!" तासभर तो विचारत होता. तासभर मी सांगत होते. शेजारचा मदनसिंग मधेच कुदळ थांबवायचा, माझ्याकडे बघायचा आणि मान खाली घालायचा.

डॉक्टर म्हणाले, भिंत अंगावर आली त्याच क्षणी सगळं संपलं होतं.

मग मी कोणाला ओ देत होते?

आता आम्ही मळ्यातल्या खोलीत राहतो. पक्की वीट, सिमेंट. आठ दिवसांतच जमिनीखालून हाक आली. त्या पोरीची नाही.

माझ्या धीरजची.

दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. मी नेम सोडला. जेवताना, न्हाताना, पूजा करताना ओ देते. एकदाच भाजी घेऊन बाजाराला गेले. परत आले, तर ह्यांच्या उशाकडच्या भिंतीवर केसाएवढा तडा होता.

ओरडून ओरडून घसा गेला. वाशीमला दाखवलं, औषध घेतलं. आज सकाळी उठले, तर आवाजच नाही. श्वास तेवढा बाहेर पडतो.

आत्ता दुपार आहे. हे वाफ्यांना पाणी देऊन आले आणि त्याच भिंतीलगत आडवे झाले. मी कागदावर लिहून दाखवलं, 'तुमी ओ द्या.' त्यांनी कीव आल्यासारखं पाहिलं. "कोनाले?" म्हणाले. हात धरून ओढलं, तर "झोपू दे वं," म्हणून कूस बदलली.

तडा आता बोट जाईल एवढा आहे.

तो विचारतो आहे...

मी तोंड उघडून बसले आहे.

तो पुन्हा विचारतो आहे.