इडेलाची शेगडी

आमच्या मेकन गावातल्या कुठल्याही ब्यूटी पार्लरमध्ये जा, कुरळे केस सरळ करायचे कंगवे तापवायची विजेची छोटी शेगडी दिसेलच. कंगवा हवा तेवढा तापला की ती ‘टक्’ वाजते आणि आपोआप बंद होते. हे ‘आपोआप’ माझ्या पणजीनं, इडेला प्रुइटनं, शोधून काढलं. पेटंट तिच्या नावावर आहे. पहिल्यांदा वर्गात सांगितलं तेव्हा मुलं हसली. मग मी इतक्या वेळा सांगितलं की आता सगळे मलाच ‘शेगडी’ म्हणतात. म्हणोत! मी वळून ‘ओ’ देते.

इडेलाच्या आधी पितळी कंगवा सरळ गॅसवर धरायचे. मग कागदावर टेकवून बघायचं. कागद करपला तर थांबायचं, नाही करपला तर केसांतून फिरवायचा. अंदाज चुकला की केस तरी जळायचे नाहीतर कान. आमच्या चर्चमधल्या म्हाताऱ्या बायकांचे कान नीट बघा, वरच्या कडेला गुळगुळीत डाग असतात. इडेलानं शेगडीत दोन धातूंची एक पट्टी बसवली. तापली की ती वाकते आणि वीज तोडते. झालं! एवढीशी पट्टी, पण तिच्यामुळे किती कान वाचले असतील.

तिनं स्वतः बनवलेली पहिली शेगडी अजून व्हर्नेल आत्याच्या पार्लरमध्ये रोज चालते. आत्या म्हणजे माझं सगळं घर. आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच.

फेब्रुवारीत आत्या पार्लरमध्येच कोसळली, एका बाईच्या अर्ध्या वेण्या हातात असताना. हॉस्पिटलमध्ये तिचं हृदय थांबलं होतं. बराच वेळ, असं डॉक्टर म्हणाले, आणि मग सुरू झालं. का सुरू झालं, ते त्यांना सांगता येईना. मला विचारायचंही नव्हतं. बाहेरच्या बाकावर बसून मी एकच गोष्ट मागितली होती, हिला घरी पाठव. आणि ती घरी आली. आधीपेक्षा जास्त हसरी. फक्त डोक्याला बांधलेला रुमाल ती कुणालाच सोडू देईना.

“ईस्टरला तू कर माझे केस,” एक दिवस ती म्हणाली. “तोवर हात बसव.”

हात बसवता बसवता मला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी विषयही मिळाला. मी शाळेतला तापमापक आणला आणि शेगडी कितीला वाजते ते टिपू लागले. ती दर वेळी वेगळ्या तापमानाला वाजत होती! बरं, अंदाधुंद नाही. माझ्यासारख्या दाट, घट्ट कुरळ्या केसांची मुलगी खुर्चीत असली की उशिरा. विरळ केसांच्या मिस फ्लोरीन (आमच्याकडे लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बायकांनाही ‘मिस’च म्हणतात) बसल्या की लवकर.

“तिला माहितीये गं, माझ्या डोक्यावर उरलंय काय!” मिस फ्लोरीन म्हणाल्या.

“मिस फ्लोरीन, पट्टीला डोळे नसतात.”

“नवऱ्याला होते की. त्यानं काय पाहिलं?”

सगळं पार्लर खिदळलं. मी मात्र वायर बदलली, प्लग बदलला, कंगवे बदलले. तेच. आमचे सर म्हणाले, “धातू एका ठरावीक तापमानालाच वाकतो, ओडेट. तुझंच मोजायला चुकतंय.” माझं चुकत नव्हतं.

गुड फ्रायडेला सकाळी आत्यानं शेगडी पिशवीत घातली. मिस युलाली वारल्या होत्या. आमच्याकडे जी बाई जन्मभर तुमचे केस करते, तीच शेवटचेही करते. परक्या हाताचं काम नाही ते. त्यासाठीचे कंगवेही वेगळे असतात, जिवंत माणसाच्या केसांना ते लावत नाहीत.

पुरण्याआधी मृतांना जिथे सजवतात त्या फ्युनरल होमच्या मागच्या खोलीत गार होतं. पावडरीचा वास येत होता. आत्या मिस युलालींशी नेहमीसारखीच बोलत होती. “मान जरा इकडे, युलाली. हं. आज तरी हलू नकोस.” मला हसू आलं, मग वाईट वाटलं.

शेगडी तापत राहिली. तापमापकाचा काटा कडेला जाऊन टेकला.

“आत्या, वाजत नाहीये.”

“इथे ती वाजत नाही,” आत्यानं हातानं प्लग काढला आणि खिशातून कागद काढून कंगवा टेकवून पाहिला. “माझ्या आजीनं ती पट्टी कुणाला भाजू नये म्हणून बसवली. इथे कोणाला भाजणार आहे?”

ती इतक्या सहज बोलली की मी पुढे काही विचारलंच नाही. परत येताना आम्ही तळलेले मासे घेतले. आत्यानं तिचेही मला दिले.

शनिवारी दुपारी शेवटची बाई गेली. आत्यानं दारावरची पाटी उलटी केली आणि खुर्चीत येऊन बसली. पडद्याच्या पट्ट्यांमधून ऊन तिच्या मांडीवर पडलं होतं. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. मी तिचा रुमाल सोडला. केस छान होते, मऊ, तसेच. मी उगाचच घाबरले होते.

“उद्या ईस्टरला चर्चमध्ये पिवळी टोपी घालू की जांभळी?” तिनं विचारलं.

“पिवळी.”

“जांभळीच घालणार मी. पण विचारावं माणसानं.”

मी केसांचे भाग पाडले, तेल लावलं, कंगवा शेगडीत ठेवला आणि वाट पाहू लागले.

आत्या उद्याच्या जेवणाबद्दल बोलत होती. हॅम कोण आणणार, मिस फ्लोरीनच्या केकला नावं न ठेवता तो ताटात कसा ठेवून द्यायचा. मी “हं, हं” करत होते.

शेगडीची तार लाल झाली. मग नारिंगी.

मी कंगवा काढून कागदावर टेकवला. कागद काळा झाला आणि त्याला भोक पडलं.

“अगं, वाजली का?” आत्यानं विचारलं. ती मान वळवू लागली.

“वळू नकोस ना! भांग वाकडा होईल.”

मी प्लग हळूच काढला. कंगवा हवेत धरून निवू दिला. दुसरा कागद फक्त पिवळा पडला.

मग मी तिच्या मागे उभी राहून माझी जीभ टाळ्याला लावली आणि तोंडानंच आवाज काढला.

टक्.

“हं,” आत्या समाधानानं म्हणाली. “आता कर.” तिनं सवयीनं कान बोटांनी खाली दाबून धरला.

मी केसांची पहिली बट धरली. कंगवा घसरला आणि तिच्या बोटांवर टेकला. चर्र झालं. मी तो उचलेपर्यंत क्षण गेला.

“...आणि बटाट्याच्या सॅलडमध्ये मस्टर्ड कमीच घालायचं,” आत्या म्हणत होती. “ऐकतेयस ना?”

“ऐकतेय.”

तिच्या बोटांवर कंगव्याच्या दातांची रांग उमटली होती. पांढरी. लाल होत नव्हती.

मी ती बाजू शेवटपर्यंत नीट केली. एकही केस उभा ठेवला नाही. मग खुर्चीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले.

“आत्या,” मी म्हणाले, “आता हा कान धर.”